चाळीस तास वाजवा, मग बास खुलतो

२,२८९ रुपये. त्यातले २,२४९ हेडफोनचे आणि ४० डिलिव्हरीचे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पोलीस चौकीपासून मेव्हण्यापर्यंत ज्याला ही हेडफोनमधली फसवणूक सांगितली त्याने पहिला प्रश्न हाच केला, "किती गेले?" आणि आकडा ऐकून असा चेहरा केला की एवढ्यासाठी आलात होय. खरा आकडा ७,०४७ आहे. तो कसा झाला ते पुढे येईल, सांगायला जड जातंय.

मी डोंबिवलीत एका भजनी मंडळात बावीस वर्षं पखवाज वाजवतो. नोकरी फोर्टात. लोकलमध्ये जाता-येता मंडळाचीच रेकॉर्डिंग ऐकतो, कुठे हात चुकला ते कळावं म्हणून. जुना सेनहायझरचा पीएक्स १०० हेडफोन होता, घडी होऊन पिशवीत जाणारा. त्याची दांडी मोडली आणि ते मॉडेल आता निघत नाही. कानात खुपसायचे मला सोसत नाहीत, आणि पूर्ण कान झाकणारे गर्दीत उकडून काढतात. बजेट अडीच हजार, ताणून तीन. आणि खर्ज हवा. धाडधाड आपटणारा नव्हे, ऊब असलेला. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याच्या तोंडाला, ओली कणीक नेमकी लागली की 'धा' गोल होऊन छातीत उतरतो ना, तसा.

या अटींत बसणारं नाव म्हणजे कॉस पोर्टा प्रो. अमेरिकेतल्या मिलवॉकीची कंपनी, १९८४ पासून जवळपास त्याच रूपात निघणारा हेडफोन. पातळ पत्र्याची दांडी, स्पंजच्या गाद्या, घडी केली की मुठीत मावेल. घडण उघडी असल्यामुळे आवाज बाहेर सांडतो, पण आमच्या डब्यात भजनच चाललेलं असतं, त्यामुळे तक्रार करणार कोण.

सगळीकडे तो मला साडेतीन हजारांच्या आसपास दिसत होता. एका मोठ्या साइटवर, जिथे निम्मी चाळ दसरा-दिवाळीची खरेदी करते, तिथे एका विक्रेत्याकडे २,२४९ ला दिसला. "ओरिजिनल इम्पोर्टेड, पेटी किंचित दबलेली म्हणून सूट." चार पूर्णांक तीन तारे. मी काही फुकटात मिळेल त्यावर उडी मारणारा माणूस नाही. ६९९ ला दिसला असता तर हसून पुढे गेलो असतो. किंमत अशी बेतलेली होती की संशयही येऊ नये आणि मोहही सुटू नये. हे ज्याने ठरवलं त्याला माणसं कळतात.

७ जूनला पार्सल आलं. पेटी दबलेली नव्हती. छान चौकोनी होती. इथेच थांबायला हवं होतं! पेटी दबलेली म्हणून बाराशे रुपये कमी केलेत ना, मग दबलेली पेटी कुठाय? मी मात्र खूश झालो, म्हटलं नशीब काढलं. पेटीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही, कुठल्या देशात बनला तेही नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापलेलं किंवा चिकटवलेलं असावं लागतं, हे मला माहीत होतं. आमच्या ऑफिसात मालाच्या पेट्या येतात, मी स्वतः ती लेबलं बघून सह्या करतो. घरच्या पेटीवर नव्हतं तर मनाशी म्हणालो, परदेशातला पीस असेल.

मग मुलीने कानाला लावला. पोर्टा प्रोला कानाच्या वरच्या बाजूला दोन छोट्या गाद्या असतात आणि त्यांच्यावर एक सरकती कळ. ती सरकवली की कानावरचा दाब कमी-जास्त होतो. तिने ती तीन वेळा टिकटिक केली आणि म्हणाली, "बाबा, याने काहीच होत नाहीये. आणि हे उलटं वाजतंय. टाळ डावीकडे हवेत ना?" आमच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळकरी डावीकडेच आहेत, माईक मीच लावले होते. मी तिला म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं."

बारा वर्षांच्या पोरीला कळलं होतं.

आवाज कसा होता? बास भरपूर होता. भरपूर म्हणजे कणीक जास्त झाल्यावर पुडी जशी बद्द वाजते तसा. 'धा' आणि 'गे' यांत फरक उरला नव्हता, गायकाचा आवाज गोधडीखालून येत होता. खरा उबदार खर्ज खालून आधार देतो आणि वरच्या सुरांना वाट मोकळी ठेवतो. हा मधल्या पट्टीवर चढून बसला होता. हे माझ्या कानाला पहिल्या दहा मिनिटांत जाणवलं, मी नाकारत नाही. म्हणून तर विक्रेत्याला चॅटवर विचारलं. उत्तर लगेच: "सर, नवीन पीस टाइट असतो. ४०-५० तास बर्न-इन करा. मग बास ओपन होतो."

आता मला हसू नका. बर्न-इन, म्हणजे नवा हेडफोन तासन्‌तास वाजवून मोकळा करणं, हा शब्द मी आधी ऐकला होता. पखवाजाची नवी पुडीसुद्धा वाजवून वाजवून बसवावी लागते, तेव्हा मला ते पटलं. पाच रात्री हेडफोन कपाटात, साड्यांच्या घडीत, वाजत ठेवला. बायको म्हणायची, "अहो, कपाटातून हरिपाठ येतोय." आणि साइटवरची परतीची मुदत किती? सात दिवस. रोज रात्री आठ तास धरले तर चाळीस तासांना पाच रात्री जातात, सहावा दिवस कान सवयीला लावण्यात, सातवा "अजून जरा बघू" म्हणण्यात. तो सल्ला आवाजासाठी नव्हताच, कॅलेंडरसाठी होता. परतीची मुदत असेपर्यंत कोणी "वाजू द्या, खुलेल" म्हणाला तर त्याच दिवशी परत करा. ज्याला खुलायचंय तो पहिल्या दिवशीही निदान बरा वाजतो.

आता ते लाजेचं. दुसऱ्याच दिवशी मी साइटवर पाच तारे दिले होते आणि मंडळात छाती काढून सांगितलं होतं. बावीस वर्षं पखवाज वाजवणारा सांगतोय म्हटल्यावर हार्मोनियमवाले काका आणि आमचा एक गायक, दोघांनी तिथूनच मागवला. त्यांचे १३ जूनला आले. त्यांनाही मीच सांगितलं, चाळीस तास वाजवा. १७ ला माझी डावी बाजू मेली. आणि मी पाच दिवस मंडळात काही बोललो नाही. एखादा पीस खराब निघतो, उगाच कशाला बोंब, असं स्वतःला समजावत राहिलो. खरं कारण एवढंच की तोंड दाखवायला नको होतं. त्या पाच दिवसांत त्यांचीही मुदत संपली.

२२ ला आमच्या साउंडवाल्या पोराने मल्टिमीटर लावला. पोर्टा प्रोचा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, ६० ओहमचा असतो; ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. प्लगचं टोक आणि बूड यांत मोजलं तर साठच्या आसपास आकडा यायला हवा. काकांचा ३१. गायकाचा ३२. माझी जिवंत बाजू ३१. पोरगा काही बोलला नाही, वायर गुंडाळायला लागला. दीडशे-दोनशे रुपयांचा मीटर आणि एक मिनिट, पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

दोघांचे २,२८९ प्रमाणे मी खिशातून परत केले. काका घेत नव्हते, जबरदस्तीने दिले. तिघांचे मिळून ६,८६७.

मग सुरू झाली वारी. साइटच्या चॅटवर यंत्र बोलतं, माणूस मिळायला चाळीस मिनिटं. माणूस म्हणाला, आम्ही मध्यस्थ आहोत, मुदत संपली. तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. नियम असा की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. पोच दोन मिनिटांत आली, आपोआप येणारी. निवारण म्हणून एकोणतिसाव्या दिवशी एक ओळ: "बिलात नमूद केलेली वस्तू आपणास मिळाली आहे." बिल उघडून पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, 'वायर्ड हेडफोन, काळा'. कंपनीचं नावच नाही! जाहिरातीत कॉस, बिलात नुसता काळा. बिलावर कंपनी आणि मॉडेल नसेल तर पैसे देऊनही तुम्ही ती वस्तू घेतलेलीच नसते, कागदावर तरी. आणि जाहिरातीच्या पानाचा फोटो ऑर्डर करतानाच काढून ठेवा. आठवड्याने विक्रेत्याने मथळा बदलला होता, 'पोर्टा प्रो टाइप'.

विक्रेत्याच्या दिलेल्या पत्त्यावर माझा हेडफोन आणि पत्र कुरियरने पाठवलं, १८० रुपये. परत आलं, "या नावाचं इथे कोणी नाही." म्हणजे ७,०४७. झाला हिशेब.

ग्राहकांसाठीच्या फोनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. तीन आठवड्यांनी बघतो तर 'निकाली'. कोणी निकाली काढली? साइटने वरचीच ओळ तिथे चिकटवली म्हणून निकाली. चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "पैसे दिले, वस्तू आली. मग फसवणूक कुठे झाली?" म्हटलं, नकली आहे. "नकली आहे तर कंपनी तक्रार करेल, तुम्ही कोण?" सायबरवाल्यांना फोन केला तर खात्यातून पैसे परस्पर गेलेत का, विचारतात. नाही गेले, मी स्वतः दिले. मग ग्राहकवाल्यांकडे जा! वजनमापवाल्यांकडे पेटी घेऊन गेलो, लेबल नाही हे तर त्यांचंच काम. अर्धा दिवस रजा टाकून. तिथे कळलं की विक्रेता दुसऱ्या राज्यातला, आणि पेटी मी फोडलेली. न फोडता कळणार कसं होतं, विचारलं. टेबलावरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "लेबल बाहेर असतं." बरोबर आहे. बाहेरच असतं. एवढ्या सगळ्या दारांत खरं बोललेलं ते एकच वाक्य.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांपर्यंत जाता येतं आणि राहत्या जिल्ह्यात करता येतो. मेव्हणा म्हणतो, सात हजारांसाठी एवढं? तो अजून विचारतोय, किती गेले.

विक्रेता तिथेच आहे, तारे चार पूर्णांक चार झालेत. पानावर सगळ्यात वर एक अभिप्राय दिसतो: "अस्सल वस्तू. पखवाजाचा घुमारा जसाच्या तसा. डोळे झाकून घ्या." ६१ जणांना उपयुक्त वाटलाय. तो माझा आहे. महिन्यापूर्वी बदलून पाठवला, तेव्हापासून 'तपासणी सुरू आहे'.