संकेश्वरच्या अलीकडचे नालबंद चाचा : आधी बैल चालवून बघतात, मग हातोडी

उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात बैलांना पत्री, म्हणजे खुराला ठोकायचा लोखंडी नाल, मारणाऱ्यांकडं गर्दी उसळते. भरलेली टायरगाडी डांबरी सडकेवर ओढायची म्हणजे पत्रीशिवाय नखी, म्हणजे दुभंगलेल्या खुराचा एकेक भाग, टिकतच नाही. महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढणारं नख ते, सडक त्याच्यापेक्षा भराभर झिजवते. आमचे बैल कुठं नेतो असं भावकीत सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, संकेश्वरच्या अलीकडं, लिंबाखाली बसतात ते चाचा. पाटीबिटी काही नाही, झिजलेल्या पत्र्यांचा ढीग दिसला की थांबायचं.

आमची खिलार जोडी आहे, पाखऱ्या आणि नंद्या. मालक पुण्याला कंपनीत आणि मामांना आता बैल आवरत नाहीत, तेव्हा बैल मीच नेते. ‘घरात गडीमाणूस न्हाई काय?’ असं चाचांनी विचारलं नाही, तिथंच मला बरं वाटलं.

त्यांचं खरं काम हातोडी काढायच्या आधीच सुरू होतं. “वैनी, सरळ न्या, वळवा, परत आणा,” म्हणाले. मला वाटलं पायाकडं बघतील, तर नजर पाखऱ्याच्या डोक्यावर. “उजवा पुढचा पाय टेकला की मान वर जातीया, बघा की ओ.” खरंच जात होती. दुखरा पाय टेकताना जनावर मान उचलून त्या पायावरचा भार हलका करतं आणि चांगला पाय टेकला की मान खाली येते. मागचा पाय दुखत असला तर पाठीची कमान होते, हेही त्यांनीच दाखवलं.

नंद्याला मग त्यांनी नळाखालच्या ओल्या मातीतून चालवला. बैल संथ चालताना एका बाजूचा मागचा पाय, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचे दोन, असा क्रम असतो आणि निदान दोन पाय कायम जमिनीवर राहतात. धड चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याला लागूनच पडतो. नंद्याचा डावीकडं चार बोटं मागं पडत होता. पाय उचलून बघितला तर बाहेरची नखी वाढून बसलेली. मागच्या पायांचा जास्त भार बाहेरच्या नखीवर येतो आणि पुढच्यांचा आतल्या, त्यामुळं दोन्ही नख्या एकाच मापानं तासणाऱ्याच्या हातात बैल देऊ नये, हे आता माझं मत झालंय.

घोडा पायाच्या एकाच बोटावर चालतो, म्हणून त्याला एक नाल. बैल दोन बोटांवर, म्हणून पायाला दोन पत्र्या, बैलाला आठ. दोन्ही नख्यांना मिळून एकच पत्री का नाही, असं मी विचारलं. चिखलात पाय टेकला की नख्या फाकतात, उपसताना मिटतात आणि म्हणून पाय रुतून बसत नाही. जोडून टाकल्या तर बैल शेतात अडकेल, असं उत्तर आलं. पटलं.

पाखऱ्याच्या पायात जुन्या खिळ्याचं तुटकं टोक निघालं. आधी दारावर येणारा एक जण दोरानं बांधून बैल आडवा पाडला की थेट ठोकायलाच लागायचा, त्याचा तो प्रताप. खिळा नखीच्या तळाला कडेनं दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरून, मेलेल्या नखातूनच जायला हवा, आत गेला की जिवंत भाग. चाचांनी टोक काढलं, पाय धुतला, आणि त्या नखीला पत्री मारायला चक्क नकार दिला. “आधी दवाखान्यात दाखवा.” पैसेही सातच पत्र्यांचे घेतले.

बैल उठवण्याची त्यांची रीतही बघण्यासारखी आहे. दोर सोडायच्या आधी पुढची माणसं हटवतात. गाय-बैल आधी मागचं धड उचलतात, आणि त्यासाठी पुढच्या गुडघ्यांवर येऊन डोकं जोरात पुढं फेकतात. घोड्याचं उलटं, तो पुढचे पाय आधी रोवतो. बिदरला जनावरांची डॉक्टरकी शिकणारी माझी पुतणी सांगते की आपण ज्याला बैलाचा पुढचा गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट, आणि मागचा उलटा वाकलेला सांधा ही टाच. बैलाला गळ्याचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले. निम्म्याहून जास्त वजन मात्र त्यांच्यावरच. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, “आसंल की. तुमची गव्हाण किती लांब हाय ते सांगा.” गव्हाण जवळ असली तर डोकं फेकायला जागा उरत नाही, बैल उठताना धडपडतो. आम्ही ती हातभर मागं घेतली, आता नंद्या एका दमात उठतो.

नावं ठेवण्यासारखंही आहे. बैल पाडतात त्या जागेवर नुसती दोन पोती असतात. पावणेपाचशे किलोचं धड कठीण जमिनीवर आदळतं हो! गाडीभर वाळू पसरायला कितीसा खर्च? सावली लिंबाची तेवढीच, रांगेतली जनावरं उन्हात. हाताखालचं पोरगं दोर फार करकचून आवळतं, त्याला दोनदा बोलावं लागलं.

पत्रीला ८० रुपये, खिळे त्यातच. मोबाइलवरून पैसे चालत नाहीत, रोख न्या. सकाळी वैरण न घालता बैल न्यायचा, कारण भरल्या पोटी आडवा पडला की ढेकर येत नाही आणि पोट फुगतं. खाऊन आलेला बैल चाचा सरळ परत पाठवतात. कर्नाटकी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या आठवड्यात जाऊ नका, अर्धा दिवस मोडतो.