अमेरिकेत एकच दुकान बघायला वेळ असेल तर: पॉवेल्स की स्ट्रँड, वॉल ड्रग की एल. एल. बीन, की गनाडोची वखार

दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं की आम्ही तीन आठवडे अमेरिकेत येतोय, खरेदीला कुठे जायचं, आणि सगळेजण आउटलेट मॉलची नावं सांगून मोकळे होतात. आउटलेटवर माझा राग नाही, बुटं आणि बॅगा तिथे खरंच स्वस्त पडतात, पण न्यू जर्सीतलं आउटलेट आणि अ‍ॅरिझोनातलं आउटलेट ह्यात काडीचा फरक नसतो, तीच दुकानं, तसलंच फूड कोर्ट, आणि एवढं तिकीट काढून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जातो ह्याचं मला वाईट वाटतं. म्हणून ही काही दुकानं सांगते, जी उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवता येणार नाहीत. सगळी करायला जाऊ नका, देश खंडाएवढा आहे, तुमचा रूट बघा आणि एखाद-दुसरं ठरवा.

आधी पुस्तकांची, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. न्यूयॉर्कचं स्ट्रँड की पोर्टलंडचं पॉवेल्स?

स्ट्रँड १९२७ पासूनचं आहे. तेव्हा मॅनहॅटनच्या फोर्थ अव्हेन्यूवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच होती, 'बुक रो' म्हणायचे त्या पट्ट्याला, अप्पा बळवंत चौकासारखं एकाला लागून एक, आणि त्या सगळ्यांत आज टिकून राहिलेलं हे एकटं. आता ते जवळच ब्रॉडवे आणि १२व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे. "१८ मैल पुस्तकं" ही त्यांची जाहिरात, म्हणजे कपाटातली पुस्तकं ओळीनं मांडली तर तेवढी लांब जातील. बाहेर फुटपाथवर ढकलगाड्या लावलेल्या असतात, त्यात अगदी थोड्या डॉलरात पुस्तकं मिळतात, तिथेच अर्धा तास जातो. वर तिसऱ्या मजल्यावर दुर्मिळ पुस्तकांची खोली आहे, खालच्या गर्दीतून वर गेलं की एकदम शांत वाटतं, ती चुकवू नका. पण आत दाटी आहे, कपाटं उंच, वाटा अरुंद, शनिवारी दुपारी तर माणसाला माणूस लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जायचं तर मधल्या वारी सकाळी जा.

पॉवेल्सचं सगळंच वेगळं. १९७१ मध्ये वॉल्टर पॉवेल ह्यांनी सुरू केलं, आणि त्याची गंमत अशी की दुकान आधी मुलानं शिकागोत काढलं होतं, वडील तिथे उन्हाळ्यात मदतीला गेले, त्यांना तो धंदा इतका आवडला की परत येऊन पोर्टलंडला स्वतःचं काढलं, आणि पुढे मुलगाच वडिलांच्या दुकानात आला. आज बर्नसाइड रस्त्यावर शहराचा एक अख्खा चौकोन ह्या दुकानाचा आहे, दहा लाखांच्या आसपास पुस्तकं, खोल्यांना रंगांची नावं, ब्लू रूम, रोझ रूम, पर्पल रूम, आणि आत शिरताना नकाशा मिळतो. तो घ्याच, नाहीतर घरचे कुठल्या खोलीत गेलेत हे शोधण्यातच वेळ जाईल.

मला पॉवेल्स जास्त का आवडतं सांगते. तिथे नवीन आणि वापरलेलं पुस्तक एकाच कप्प्यात शेजारी शेजारी लावतात. म्हणजे एखादं पुस्तक हवंय तर त्याची नवी कोरी प्रत, त्याच्या बाजूला कुणीतरी वाचलेली कमी किमतीची, कधी त्याच्याही बाजूला चाळीस वर्षांपूर्वीची वेगळ्या कव्हरची, आणि कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं. माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. त्यांना रेल्वेच्या पुस्तकांपुढे उभं केलं आणि आम्ही बाकीचे फिरायला गेलो, दोन तासांनी आलो तर ते तिथेच, वाफेच्या इंजिनांवरचं एक जुनं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. त्या ट्रिपमध्ये त्यांना मी एवढं खूष दुसऱ्या कुठे बघितलं नाही.

आणि हिशोबाचं बोलायचं तर ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही, जी किंमत छापली तीच द्यायची. न्यूयॉर्क शहरात बिलावर ८.८७५ टक्के चढतात, पुस्तकांवरही. (कपडे-चपलांना मात्र न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या खालच्या वस्तूवर हा टॅक्स लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.) युरोपसारखे विमानतळावर टॅक्सचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका, इथे बहुतेक ठिकाणी ती सोय नाही.

मग निवडायचं कसं? न्यूयॉर्कला जाणारच असाल तर स्ट्रँडला वेगळा दिवस लागत नाही, युनियन स्क्वेअरपासून चालत आहे, दीड-दोन तास पुरतात. पॉवेल्सला अर्धा दिवस हवा आणि त्यासाठी पोर्टलंडला जावं लागतं. पण मुलगा किंवा मुलगी सिअ‍ॅटलला असेल, आणि आपल्या कितीतरी लोकांची तिथे आहेत, तर गाडीनं तीन-एक तास किंवा अ‍ॅमट्रॅकच्या ट्रेननं साडेतीनच्या आसपास, आणि पोर्टलंडपासून अर्ध्या तासावर मल्टनोमा धबधबा, दोन दिवसांची झकास ट्रिप होते. घरात वाचणारं माणूस असेल तर मी डोळे झाकून पॉवेल्स म्हणेन. आणि रूट फक्त कॅलिफोर्नियाचा असेल तर दोन्ही सोडा आणि सॅन फ्रान्सिस्कोचं सिटी लाइट्स बघा, १९५३ चं, लहानसं, पण प्रकाशनही करणारं, आणि छापलेल्या कवितांपायी १९५७ मध्ये अश्लीलतेचा खटला लढून जिंकलेलं. वरच्या मजल्यावर कवितांची खोली आहे, तिथे खुर्चीत बसून वाचता येतं.

वजनाची काळजी सगळ्यांना असते. २३ किलोची बॅग पुस्तकांनी कशी भरते ते कळतही नाही. त्यासाठी एक सोय आहे, अमेरिकेच्या पोस्टात मीडिया मेल नावाचा स्वस्त दर असतो, खास पुस्तकांसारख्या गोष्टींसाठी, फक्त देशातल्या देशात. पोर्टलंडहून खोका न्यू जर्सीच्या भाच्याकडे पाठवायचा, वेळ लागतो पण पोचतो, आणि मग पुढे भारतात येणारं कुणी ना कुणी एक-दोन पुस्तकं घेऊन येतं.

न्यूयॉर्कला आहातच तर स्ट्रँडहून चालत वीस-एक मिनिटांवर लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर कलुस्त्यान्स आहे, १९४४ चं, आर्मेनियन माणसानं काढलेलं मसाल्यांचं दुकान. तिथे जाऊन हळद-तिखट घेऊ नका, ते आपल्याकडेच चांगलं. मेक्सिकन सुक्या मिरच्यांचे प्रकार, सुमाक, झातार, इराणी सुकी लिंबं हे बघा. वरच्या मजल्यावर मुजद्दरा मिळतो, मसूर आणि परतलेल्या कांद्याचा, शाकाहारी माणसाचं पोट भरतं. आणि ही तीच इमारत जिथे उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर ह्यांनी १८८१ मध्ये मध्यरात्रीनंतर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, कारण राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड वारल्याची तार आली तेव्हा ते इथे आपल्या घरी होते. स्वयंपाकाची आवड असलेल्या सासूबाईंना स्ट्रँडपेक्षा हे दुकान जास्त आवडेल, माझ्या सासूबाईंना आवडलं.

आता रस्त्यावरची दोन. वॉल ड्रग आणि एल. एल. बीन ही नावं एकत्र बघून तिकडचे लोक म्हणतील ह्यांची तुलना कशी होईल, एक साउथ डकोटात आणि एक मेनमध्ये, पण लाँग ड्राइव्ह करणाऱ्यांना पडणारा प्रश्न एकच असतो, इथे थांबायचं का आणि किती वेळ.

वॉल ड्रग म्हणजे खरं तर पाणपोईवर उभं राहिलेलं दुकान. टेड हस्टेड ह्यांनी १९३१ मध्ये, ऐन मंदीत, वॉल नावाच्या एवढ्याशा गावात औषधांचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक फिरकेना, आणि १९३६ च्या उन्हाळ्यात बायकोच्या, डोरोथीच्या डोक्यात आलं की माउंट रशमोरकडे जाणाऱ्या एवढ्या गाड्या तापलेल्या रस्त्यानं जातात, त्यांना बर्फाचं पाणी फुकट देऊ आणि तशा पाट्या रस्त्याला लावू. पाट्या लावून होईपर्यंत माणसं यायला लागली. आजही पाणी फुकट आहे, कॉफी पाच सेंट, आणि आय-९० हायवेवर मैलोनमैल आधीपासून त्या पाट्या दिसत राहतात, मुलं मोजत बसतात. विकत घेण्यासारखं म्हणाल तर फार नाही, टोप्या, चुंबक, टी-शर्ट, पण डोनट खरंच छान असतात, बाहेर ८० फुटी डायनोसॉर आहे, स्वच्छ बाथरूम आहेत आणि बॅडलँड्स नॅशनल पार्क लगेच शेजारी. तासभर थांबा आणि निघा. फक्त ह्या दुकानासाठी वाट वाकडी करू नका.

एल. एल. बीनसाठी मात्र मी वाट वाकडी करीन. मेनमधल्या फ्रीपोर्टचं हे दुकान १९५१ पासून रात्रंदिवस उघडं असतं, दारांना कुलूपच नव्हतं असं सांगतात, कारण शिकारीला आणि मासेमारीला जाणारी माणसं पहाटे तीनला येऊन दार ठोठवायची. लिऑन लिऑनवूड बीन ह्यांनी १९१२ मध्ये खाली रबर आणि वर चामडं असा बूट काढला, पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० उसवून परत आल्या, आणि त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढून बूट सुधारला आणि पुन्हा विकला. धंद्यातला हा सच्चेपणा मला फार मोठा वाटतो. कधीही परत करा ही जुनी हमी २०१८ मध्ये बंद झाली, आता एक वर्षाची मुदत असते, तेव्हा बिल जपून ठेवा. हे बूट आजही मेनमध्येच बनतात. पुण्या-मुंबईत तो बूट काय कामाचा, पण कॅनव्हासची बोट अँड टोट पिशवी घ्या, १९४४ मध्ये बर्फाच्या लाद्या वाहायला काढलेली, आमच्याकडची आठ वर्षं दर रविवारी मंडईत जातेय आणि एक टाका उसवलेला नाही. बॉस्टनहून गाडी नसेल तर अ‍ॅमट्रॅकची डाउनईस्टर थेट फ्रीपोर्टला जाते, स्टेशनवरून चालत दुकान. मेनचा टॅक्स ५.५ टक्के.

शेवटी अ‍ॅरिझोनातलं गनाडो, आणि ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

ग्रँड कॅन्यनला जाणारे आपले बहुतेक लोक रस्त्यात निळ्या खड्यांचे दागिने घेतात. मीही घेतला होता, हायवेवरच्या एका दुकानात, हँडमेड म्हणून, आणि वर्षभरात खड्याचा रंग उडाला, खाली प्लास्टिक. नेटिव्ह अमेरिकन कारागिरांनी बनवलेलं नसताना तसं सांगून विकणं १९९० च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी चालतं. त्यानंतर कुणीतरी गनाडोचं नाव सांगितलं.

हबेल ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या भाषेत वखार. नव्हाहो ह्या नेटिव्ह अमेरिकन जमातीच्या लोकांना १८६४ पासून त्यांच्या भूमीतून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं, १८६८ च्या करारानंतर ते परतले तेव्हा मेंढ्या, शेती सगळं उद्ध्वस्त झालेलं. अशा काळात लोकर आणि गालिचे घेऊन पीठ, कॉफी, साखर देणाऱ्या वखारी उभ्या राहिल्या. जॉन लोरेंझो हबेल ह्यांनी ही १८७८ मध्ये चालवायला घेतली, १९६७ पासून ती राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे आणि दुकान अजून चालू आहे. आत करकरणारी लाकडी जमीन, छातीइतका उंच काउंटर, छताला टांगलेल्या वस्तू, आणि गालिच्यांची वेगळी खोली.

गनाडो रेड हा इथला गालिचा, गडद लाल, त्यात काळा, पांढरा, राखाडी, मध्ये पत्त्यांतल्या चौकटसारखा मोठा आकार. आई त्याची कड हातात घेऊन उलटसुलट बघत होती आणि म्हणाली, अगं ही तर पैठणीसारखी आहे, दोन्ही बाजू सारख्या. बरोबर होतं तिचं. पैठणीच्या पदरातली नक्षी जशी रंगीत बाण्याचे वेगवेगळे धागे हातानं फिरवून विणतात, नव्हाहो गालिच्याची पद्धतही त्याच जातीची, फक्त माग उभा आणि धागा लोकरीचा. हातमागाची पैठणी ओळखायला आपण जसा पदर उलटा करून बघतो तसंच इथे करायचं. विणणारीचं नाव चिठ्ठीवर असतं, ते नाव विचारून घ्या, ती कुठल्या भागातली हेही विचारा, काउंटरवरचे लोक मनापासून सांगतात. किंमत मोठी असते, हातरुमालाएवढ्या तुकड्यालाही शेकडो डॉलर लागू शकतात आणि मोठा गालिचा हजारोंत जातो, पण महिनोन्महिने बसून विणलेल्या कामाची ती किंमत आहे, घासाघीस करू नका. गालिचा झेपत नसेल तर लहानसा दागिना घ्या, तोही कुणी बनवला ते इथे सांगतात.

आय-४० वरून चेंबर्सला वळलं की उत्तरेला ४० मैलांच्या आसपास, आणि पुढे तेवढंच गेलं की कॅन्यन डी शे ही दरी. लास व्हेगास-ग्रँड कॅन्यनच्या घाईच्या चार दिवसांत हे बसत नाही, ओढून बसवू नका, त्यापेक्षा ग्रँड कॅन्यनवरून न्यू मेक्सिकोकडे जाणाऱ्या रूटवर एक रात्र वाढवा. आणि घड्याळ सांभाळा, उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही पण नव्हाहो नेशन करतं, आम्ही फ्लॅगस्टाफच्या वेळेनं निघालो आणि दुकान बंद व्हायला फक्त पंचवीस मिनिटं राहिली होती.