ऑनलाइन ब्लाउज क्लास : व्हिडिओ ठीकठाक, पैसे वसूल होतात ते एकमेकींच्या उत्तरांत

आपल्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या बऱ्याच जणी विचारूलाल्यात की तो मोबाइलवरचा ब्लाउज शिकवायचा क्लास कसा आहे, पैसे घालायचे का नको, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नाव देत नाही कारण पुढची बॅच भरली म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनीच सांगितलंय आणि शिवाय खाली मी थोडी कुरकुरपण करणार आहे. तुम्ही दुसऱ्या कुठल्या क्लासला जाणार असला तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी व्हिडिओंचं सांगते. साधा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, बोट नेक, मग बाह्यांचे प्रकार. छातीचा चौथा भाग अधिक मार्जिन, हे गणित कुठल्याही क्लासला तेच असतंय, त्यात नवीन काही नाही, यूट्यूबवर फुकटात मिळतं. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई काढताना मॅडमचा हातच मधे येतो आणि नेमकं बघायचं ते दिसत नाही. व्हिडिओसाठीच पैसे भरणार असाल तर नका भरू.

खरी गंमत पुढं आहे. शिवून झालं की ब्लाउज अंगात घालून समोरून, मागून आणि बाजूनं असे फोटो ग्रुपवर टाकायचे, हँगरवरचा फोटो चालत नाही. आणि तेवढ्यावर सुटका नाही, दुसऱ्या दोघींच्या फोटोवर तुम्ही लिहायचं, ते लिहिल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही. सुरुवातीला सगळ्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको, छान गं, मस्तच ताई, अंगठा, फुलं. मॅडमनी ती सगळी उत्तरं परत पाठवली, छान म्हणजे कुठं छान ते लिहा, गळ्यात का खांद्यात का शिलाईत. आणि कुठं ओढतंय ते फोटोवर रेघ मारून दाखवा, आणि एक प्रश्न विचारा. बायका चिडल्या होत्या की ओ, आम्ही शिकायला आलोय का पेपर तपासायला म्हणून. पण महिन्याभरात ग्रुपचा रंगच बदलला.

एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. निपाणीकडच्या एका ताईंच्या ब्लाउजला बगलेपासून छातीकडं तिरप्या सुरकुत्या पडलेल्या. दोघीतिघी ‘फिटिंग मस्त’ लिहून मोकळ्या. मग गोकाकच्या एक अक्का, मराठी मोडकंतोडकं पण शिलाईत हात बसलेला, त्यांनी फोटोवर लाल रेघ ओढली आणि व्हॉइस नोट टाकली, ‘ताई, इथं ओढूलालंय बघा, हात वर करा, अख्खा ब्लाउज वर येतोय का सांगा.’ आता यावर जे सुरू झालं ते कुठल्याच व्हिडिओत नाही. एकीचं म्हणणं छातीत घट्ट झालाय, दुसरीचं म्हणणं मुंढा कमी खोल कापलाय, तिसरी म्हणाली बाही बसवताना पुढचा-मागचा भाग बदललाय का बघा. मग अक्कांनीच उपाय दिला, बगलेची शिलाई दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उसवा आणि परत घालून बघा, सुरकुत्या गेल्या तर घट्टपणा, नाही गेल्या तर मुंढा. ताईंनी उसवून परत फोटो टाकला, सुरकुत्या तशाच, म्हणजे मुंढाच. ज्यांनी नुसतं बघितलं त्यांना पण एका ब्लाउजवर तीन शंका कशा घ्यायच्या आणि त्या एकेक करून कशा काढायच्या ते कळलं.

खणाचं तर विचारूच नका. आपल्याकडं इलकल साडीवर गुळेदगुड्डचा खण हवाच असतो, त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, आणि काठ बाहीवर आला पाहिजे हा हट्ट. मॅडमचे सगळे व्हिडिओ मोठ्या पन्ह्याच्या कापडाचे. तिथं बैलहोंगलच्या एका वैनींनी वर्तमानपत्र खणाच्या मापाचं कापून, त्यावर तुकडे कसे मांडायचे, काठ कुठं ठेवायचा याचे फोटो टाकले आणि खाली प्रश्नांची रांग लागली. मॅडमनी स्वतः लिहिलं की हे मला माहीत नव्हतं, मी पण शिकले. मला तेव्हा मॅडम आवडल्या.

माझी भाची एम.एड. करते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मावशी, यावर अभ्यास झालाय. जीन लेव्ह म्हणून अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ, त्या १९७०च्या दशकात लायबेरियात शिंप्यांच्या दुकानात जाऊन बसायच्या, पोरं काम कशी शिकतात ते बघायला. तिथं नवीन पोरगं आधी बटणं लावणं, कडा दुमडणं असलं शेवटचं काम करतं, मग शिलाई, आणि कटिंग सगळ्यात शेवटी. पुढं १९९१ मध्ये त्यांनी एटियन वेंगर या दुसऱ्या अभ्यासकाबरोबर हेच मांडलं की माणूस कामाच्या घोळक्यात कडेला बसून, छोटं छोटं करत करत आत येतो आणि शिकतो. मी म्हटलं यासाठी लायबेरियाला कशाला जायला पाहिजे, आपल्या खडे बाजारात पण काज-बटण आणि तुरपाई करत करतच पोरं कारागीर झाली, कात्रीला हात मास्तरचाच! ऑनलाइन क्लासात पहिल्याच दिवशी कात्री हातात देतात आणि शेजारी कोण नसतं. ते शेजारचं बसणं या क्लासनं उत्तरांतनं परत आणलंय असं मला वाटतं, बाकीच्या क्लासवाल्यांना हे सुचलेलं दिसत नाही.

अजून एक, लाइव्ह क्लासची सक्ती नाही. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही, तिकडची एक मुलगी रेंज येईल तेव्हा फोटो टाकायची आणि रात्री कधीतरी उत्तरं वाचायची, तरी मागं पडली नाही. चंदगडच्या दोघी, आपल्या बेळगावच्या, कन्नड बोलणाऱ्या, सगळ्यांना तेच. भाषेवरून एकदापण वाद झाला नाही, रेघ मारलेला फोटो सगळ्यांना कळतो.

आता कुरकुर. पहिली बॅच लहान होती, पुढं त्यांनी माणसं वाढवत नेली आणि तिथं घोळ झाला. सकाळी टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत वर कुठंतरी निघून जातो, कुणी बघत नाही, नवीन पोरी बिचाऱ्या वाट बघत बसतात. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये लिहिलं होतं की असल्या गोतावळ्यात साधारण १०० मधले ९० नुसते बघतात, ९ अधूनमधून बोलतात आणि १ जण सगळं ओढतो. आमच्याकडं दोन उत्तरांच्या सक्तीनं ते बरंच मोडलं होतं, पण मोठ्या बॅचला सक्ती ढिली केली आणि परत चारपाच जणींवरच सगळा भार. त्या चारपाच जणींची भाषा पण मग सासूसारखी व्हायला लागली, ‘एवढं पण कळत नाही का’ असली. मॅडमनी आवरायला पाहिजे होतं, त्यांनी उशीर केला.

दुसरं फोटोंचं. अंगात घालून फोटो टाकायचा म्हटल्यावर खेड्यातल्या बायका बिचकतात आणि ते बरोबरच आहे. चेहरा कापून टाकायचा नियम नंतर आला, तो पहिल्या दिवसापासून पाहिजे होता, आणि ग्रुपमधला फोटो बाहेर पाठवला तर काढून टाकणार हे पण लिहून पाहिजे होतं. घरात डमी असली तर डमीवरचा फोटो चालवायला काय हरकत होती? सुरकुती तिथं पण बऱ्यापैकी दिसते.

पिको-फॉलच्या जाहिराती येतात अधूनमधून, त्याचं एवढं काही नाही.

फी गावातल्या क्लासपेक्षा कमी आहे. लहान बॅच असेल तर पाचपैकी साडेचार, मोठी असेल तर तीन. पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, बॅचमध्ये किती जणी आणि दुसरीच्या कामावर लिहायची सक्ती आहे का, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर सरळ यूट्यूब बघा. अगदीच नवीन असाल तर आधी गल्लीतल्या कुणाकडं तरी मशीन चालवायला शिका, सरळ शिलाई येते असं धरूनच हे लोक सुरू करतात. पायाची साधी मशीन चालते, मोटर नको, पिकोची नको. आणि अस्तर आणलं की आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, सुती अस्तर आटतं आणि हे त्यांच्या पहिल्या व्हिडिओत सांगितलेलंच नाही.