मोबाइल आणि झोटेरो : जुन्या मासिकांच्या अभ्यासात दहा महिने वापरल्यानंतर

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. विषय आहे १८९० ते १९२० या काळातल्या मराठी नियतकालिकांमधल्या जाहिराती. ह. ना. आपट्यांचं ‘करमणूक’ १८९० साली निघालं, का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ १८९५ साली, आणि १९०९मध्ये ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला. कथा-कविता सगळे वाचतात. मला हवी असतात ती मागची-पुढची पानं : औषधं, केशतेलं, घड्याळं, पुस्तकं. या पानांचं दुखणं असं की वर्षभराचे अंक एकत्र बांधताना बहुतेक ठिकाणी तीच काढून टाकलेली असतात. त्यामुळे जिथे ती शिल्लक आहेत तिथे रजा टाकून जायचं, आणि मिळालेल्या दोन दिवसांत जे हाती लागेल ते घेऊन यायचं.

दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी अशीच १४० पानं मोबाइलवर टिपून आणली. फोनमध्ये जागा कमी म्हणून तिथेच बसून निरोपांच्या अ‍ॅपवरून स्वतःलाच सगळे फोटो पाठवले आणि फोनमधले मूळ काढून टाकले. घरी संगणकावर उघडले तेव्हा मोठ्या मथळ्यांपलीकडे काहीच वाचता येईना. अशा अ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो आकारानं लहान होऊन जातो, हे मला ठाऊक नव्हतं. जाहिरातीतला पत्ता, किंमत, ‘टपालहंशील वेगळें’ अशा बारीक ओळी गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर मी कामाची पद्धत मुळापासून बदलली. पानं मोबाइलवर टिपायची आणि झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची, अशी ही पद्धत. गेल्या जूनपासून आजवर तीच चालवतेय, आणि मराठीत संशोधन करणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी फोटोबद्दल. माझा फोन मध्यम किमतीचाच आहे आणि या कामाला तेवढा पुरतो. महाग फोनपेक्षा उजेड महत्त्वाचा. खिडकीजवळची जागा मागून घ्यायची, फ्लॅश बंदच ठेवायचा (गुळगुळीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि बऱ्याच ग्रंथालयांत त्याला परवानगीही नसते), कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेषा सुरू करायच्या म्हणजे पान तिरकं येत नाही. पडद्यावर अक्षरांवर बोट दाबून धरलं की फोकस तिथेच स्थिर होतो, मग पानामागून पान भराभर घेता येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकते. मधेच कुणाचा फोन येत नाही आणि चार्जिंगही टिकतं.

खंड हाती आला की पहिला फोटो पानाचा नाही, एका चिठ्ठीचा. चिठ्ठीवर तारीख, ग्रंथालयाचं नाव, दाखल क्रमांक आणि खंडाचं नाव. दुसरा फोटो मुखपृष्ठाचा, तिसरा मुद्रक-प्रकाशकाची ओळ असलेल्या पानाचा. मग हवी ती पानं, आणि खंड संपल्यावर पुन्हा तीच चिठ्ठी. दोन चिठ्ठ्यांच्या मधलं सगळं एका खंडाचं, त्यात शंकेला जागा उरत नाही. चार महिन्यांनी फोटो चाळताना ‘हे पान नेमकं कुठल्या वर्षाचं’ या प्रश्नापायी माझा एकही तास गेलेला नाही. आधीच्या वर्षी किती गेले, ते मोजवतही नाही.

संगणकावर फोटो मी आता केबलनंच घेते. घाई असेल तर निरोपाच्या अ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवते. तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी पोचते. आणि संगणकावर उघडून, मोठं करून, बारीक ओळ वाचून पाहिल्याशिवाय फोनमधलं काहीही काढत नाही.

स्कॅनरच्या अ‍ॅपबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण मराठीसाठी ती फार महत्त्वाची आहे. ही अ‍ॅप पानाच्या कडा ओळखतात, वाकडं पान सरळ करतात, ते उत्तमच. पण बरीचशी अ‍ॅप पान ‘स्वच्छ’ करायला काळं-पांढरं फिल्टर लावतात. जुन्या पिवळट कागदावर त्या फिल्टरनं डाग जातो आणि त्याच्याबरोबर अनुस्वारही जातो. माझ्या एका पानावर ‘दांत’चा ‘दात’ झाला होता. अर्थ बदलला नाही, पण १९०५च्या सुमाराच्या छपाईत अनुस्वार होता की नव्हता हे मला नोंदवायचं होतं. रेफ आणि बारीक मात्रांचंही तेच. तेव्हापासून मी फिल्टर बंद ठेवते आणि पान रंगीत किंवा करड्या छटेतच साठवते.

आता पानावरचा मजकूर शोधण्याजोगा कसा करायचा. गूगल ड्राइव्हवर चित्र टाकून ते गूगल डॉक्सनं उघडलं की वर चित्र आणि खाली त्यातली अक्षरं टाइप होऊन येतात, मराठीसुद्धा. फाइल २ एमबीच्या आत आणि पान सुलट हवं. साध्या एका स्तंभाच्या मजकुराला हे इतकं चांगलं जमतं की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते पान दोनदा वाचून काढलं. जाहिरातींना मात्र कमी जमतं. वेलबुट्टीची चौकट, तीन आकारांचे खिळे (छपाईची अक्षरं), आडव्या-उभ्या ओळी, सगळं एकात एक मिसळतं. मी आता एकेक जाहिरात कापून वेगळं चित्र करते आणि मगच टाकते. वेळ लागतो, पण दुरुस्ती निम्म्यावर येते. तरीही प्रत्येक ओळ मूळ चित्राशी ताडून पाहावीच लागते. ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘घ’च्या जागी ‘ध’ येणं हे नेहमीचं.

मध्ये मी एक सोपा मार्गही करून पाहिला. पान समोर धरायचं आणि मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायचं. स्वतःच्या टिपणांसाठी हे फार सोयीचं आहे. एसटीत बसल्या बसल्या मी अर्धं प्रकरण असं बोलून ठेवलंय. पण उताऱ्यासाठी ते वापरू नका. मी ‘केलें’ वाचते, फोन ‘केले’ लिहितो. जुनं लेखन आपोआप आजचं होऊन बसतं, आणि चूक दिसत नाही कारण वाक्य अगदी शुद्ध दिसतं.

इथून मी त्या गोष्टीकडे येते जिनं या दहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं : मराठीत शोधणं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. म्हणजे माझ्या मासिकांत ‘नांव’, ‘केलें’, ‘घरांत’ आहे. त्यांवरच्या नंतरच्या संशोधनग्रंथांत ‘नाव’, ‘केले’, ‘घरात’ आहे. आणि माझ्या स्वतःच्या टिपणांत, मी जसं बोलते तसं, ‘केलं’ आहे. एकच शब्द तीन रूपांत. ‘केले’ शोधलं तर ‘केलें’ कधी सापडतं, पण ‘केलं’ हाती लागत नाही. म्हणून मी ठरवलं : उतारा अक्षरशः मूळचाच ठेवायचा, पण त्याला जोडायचा विषयशब्द (टॅग) कायम आजच्या लेखनात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द नीट पाहा. बहुतेक पडद्यांवर ते हुबेहूब दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. माझ्या टिपणांत ‘व्यापारी’ नीट सापडायचा आणि ‘व्यापाऱ्यांनी’ निम्म्या वेळा सापडायचा नाही. दोन दिवस मी स्वतःवरच शंका घेत बसले. शेवटी एक रूप नक्की केलं, बाकी सगळीकडे ‘शोधा आणि बदला’ चालवलं आणि आता फोन-संगणक दोन्हींवर त्याच पद्धतीनं टाइप करते.

तिसरी गोष्ट पीडीएफची. इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठी प्रबंध मोफत वाचायला मिळतात, ती मोठीच सोय आहे. पण त्यातले काही युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत. पान मराठी दिसतं, पण त्यात मराठी शब्द शोधला तर शून्य. ओळखायचं कसं? एक ओळ कॉपी करून कुठेही चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर तो जुना फाँट. मग त्या पानाचं चित्र करून वर सांगितलेल्या मार्गानं पुन्हा अक्षरं काढायची.

हे सगळं ठेवायचं कुठे, तर झोटेरोत. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या केंद्रात ते तयार झालं. मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. संदर्भ साठवणं, त्याला पीडीएफ किंवा चित्र जोडणं, पीडीएफवर खुणा करणं आणि वर्ड, लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिताना तळटीप व संदर्भसूची आपोआप तयार करणं, ही त्याची कामं. सूचीच्या दहा हजारांहून अधिक शैली त्यात आहेत. मोबाइलवरही चालतं. प्रवासात फोनवर केलेली खूण घरी संगणकावर दिसते. मी रंग ठरवून टाकलेत : किमतीला हिरवा, पत्त्याला निळा, आरोग्याच्या दाव्याला लाल, बाकी पिवळा. नंतर संगणकावर त्या सगळ्या खुणांचं एका आज्ञेत टिपण होतं आणि टिपणातल्या प्रत्येक ओळीवरून थेट त्या पानावर जाता येतं. या एका सोयीसाठी मी झोटेरो सोडणार नाही.

मराठीसाठी मात्र सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकून पुस्तकाची माहिती खेचता येते, पण माझ्या कामाच्या जुन्या पुस्तकांना तो क्रमांक नाही. आणि ज्यांना आहे त्यांची नावं अनेकदा रोमन लिपीत येतात. मी सगळं हातानं देवनागरीत भरलं. आडनाव एका रकान्यात, ‘वि. का.’ सारखी आद्याक्षरं दुसऱ्यात. ‘केशवसुत’ यांच्यासारखं टोपणनाव असेल तर एकच रकाना निवडायचा, नाहीतर सूचीत भलताच स्वल्पविराम येतो. वर्ष इंग्रजी आकड्यांतच टाका, नाहीतर वर्षानुसार लावताना ती नोंद बाजूला पडते. शके असेल तर ते ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात. शके १८३१ म्हणजे ७८ मिळवून १९०९ हे खरं, पण त्याच शकाचा माघ महिना १९१०मध्ये जातो. जाहिरात आधी कुठे आली हे ठरवताना त्या दोन-तीन महिन्यांनी माझा एक निष्कर्ष उलटा केला होता. इंग्रजी शैली निवडली तर दोन मराठी लेखकांच्या मध्ये ‘अँड’ येतो. तो मी अगदी शेवटी, प्रत पक्की झाल्यावर बदलणार आहे, कारण आधी बदलला तर सूची ताजी करताना परत येतो.

जागेचं गणित : झोटेरोच्या सर्व्हरवर फायलींसाठी ३०० एमबी मोफत. रंगीत पानाचा फोटो ४-५ एमबीचा, म्हणजे साठ-सत्तर पानांत संपलं. वर्षाला २० डॉलर दिले की २ जीबी मिळतात. मी मूळ फोटो घरच्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि झोटेरोत त्यांच्या हलक्या प्रती जोडते, त्यामुळे अजून पैसे भरावे लागले नाहीत. मात्र झोटेरोचं मूळ फोल्डर ड्राइव्हसारख्या सतत जुळवणी (सिंक) करणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका, त्यातला माहितीसाठा बिघडू शकतो. आणि जुळवणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं. दर रविवारी झोटेरो बंद करून पूर्ण फोल्डर मी वेगळ्या डिस्कवर उतरवते. दहा मिनिटं लागतात.

आज माझ्याकडे ६१२ जाहिराती नोंदलेल्या आहेत. गेल्या महिन्यात मार्गदर्शकांनी विचारलं, या केशतेलाचा पत्ता बदलला कधी? विषयशब्द निवडला, वर्षानुसार लावलं, आणि दोन अंकांची पानं त्यांच्यासमोर फोनवरच उघडली. त्यांनी चष्मा वर करून बारीक ओळ वाचली, अनुस्वारासकट.

त्या पहिल्या १४० पानांपैकी ९० मी पुन्हा टिपून आणली आहेत. उरलेली ५० ज्या खंडात आहेत तो सध्या बांधणीला गेलाय. जाहिरातींची पानं काढू नका अशी लेखी विनंती मी ग्रंथपालांना दिली आहे, आणि मे महिन्यात खंड परत आला की कळवतो असं ते म्हणालेत.