अण्णांचा नवा सिंगल: गळा शाबूत, ‘हर्र’ मात्र तुटलेला

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) तोंडावर आलेलं गायक अण्णांचं हे गाणं 4 मिनिटं 12 सेकंदांचं. गळा शाबूत आहे, हे आधीच सांगून टाकू. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, उतरलीय. पेटीवर जुनी गाणी काळी दोनला होती, हे पांढरी दोनला. अर्ध्या स्वराची ही उतरण सोसते. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम आता जास्त भरीव लागतो, आणि तार (वरच्या सप्तकातल्या) गंधाराला ताण पडत नसल्यानं अंतऱ्यातला शब्द न् शब्द कळतो.

घोळ ढोलकीत आहे. मुखड्याला वादक नाही, लूप, म्हणजे परत परत वाजणारा तयार तुकडा लावलाय. ढोलकीची चाट, म्हणजे बारीक आवाजाची बाजू, गायकाच्या षड्जाला मिळवलेली असते. इथं तयार लूप सॉफ्टवेअरनं खाली ओढलाय, त्यामुळं चाटेचा टणत्कार जाऊन फळी ठोकल्यासारखा आवाज उरतो. केरवा तालाचं आवर्तन दरवेळी तेच. समेवर (पहिल्या मात्रेवर) येताना वादक जो उठाव घेतो, तो कुठंच नाही. 1:35 ला हलगी येते आणि फरक लगेच कळतो. ही खरी, नीट शेकलेली. दोन्ही काड्यांचे ठोके वेगवेगळे ऐकू येतात.

सगळ्यात खटकतं ते 2:40 ला. कोरस म्हणतो, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र.’ यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्यांच्या तोंडी शेवटचा ‘र’ घोळत घोळत जातो. इथं तो कात्रीनं कापलाय. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की वाट बंद करणारं गेट कोरसला लावलेलं दिसतं. ते पार्श्वभूमीची खरखर घालवतं, पण सोबत ‘र’ची शेपूटही खातं. गेटचा रिलीज, म्हणजे ते मिटायला लागणारा वेळ, अर्ध्या सेकंदापर्यंत वाढवला असता तरी भागलं असतं. सोलापुरातल्या बाळीवेशीतल्या कुठल्याही पोरानं हे पहिल्याच ऐकण्यात सांगितलं असतं.

मंडपात कर्ण्यावर लावणार असाल, तर खालचे सूर तो घेतच नाही. धुम, म्हणजे ढोलकीची खर्जाची बाजू, गायब होते आणि चाट कानात घुसते. इक्वलायझरवर 3 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलनं खाली घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा व्हिडिओ वापरू नका, त्यात आवाज पुन्हा दाबला जातो. गाण्यांच्या ॲपवर सगळ्यात वरची क्वालिटी निवडून गाणं आधीच उतरवून ठेवा.

आणि 2:40 आलं की आवाज जरा कमी करा. रस्त्यावरची माणसं तो ‘र’ पुरा करतात.