छर्‍याची कड बघा, डब्यावरचा आकडा नंतर: एअर पिस्तुलाचे मॅच पेलेट वापरून झाल्यावर

परवा नवा डबा उघडला आणि डोकंच फिरलं. वरच्या थरातल्या कितीतरी पेलेट्सचे, म्हणजे छर्‍यांचे, स्कर्ट (मागची पातळ झालर) चेपलेले होते, काही तर सरळ अंडाकृती झाले होते. विक्रेत्याला फोटो पाठवले. सील तोडलेला डबा बदलून मिळत नाही, असं उत्तर आलं. मग सील न तोडता आतला माल ग्राहकाने तपासायचा कसा? यावर आजतागायत चकार शब्द नाही. पेलेट निवडताना आपण सगळे तावातावाने वाद घालतो तो हेड साइजवर, म्हणजे छर्‍याच्या डोक्याच्या व्यासावर, आणि माझे शॉट ज्याने वाया गेले ते कारण वेगळंच निघालं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पिस्तूल पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारं), अंतर १० मीटर. दोन प्रकारचे पेलेट आलटून पालटून वापरले. एक महागडा मॅच ग्रेड, दुसरा त्याच्या जवळपास निम्म्या किमतीचा, सरावासाठी म्हणून विकला जाणारा. दोन्ही सपाट डोक्याचे, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

सुरुवात अर्थातच हेड साइजपासून झाली. पिस्तूल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून ४.४९ आणि ४.५० मिमीचे पाच-पाच शॉटचे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचे पुंजके) घेतले. महागड्यात ४.५० स्पष्टपणे सरस आला. प्रश्न मिटला असं वाटलं, पुढचे डबे ४.५०चेच मागवले. ते आले वेगळ्या लॉटचे, म्हणजे कारखान्यात वेगळ्या खेपेत बनलेले, आणि ग्रुप लगेच पसरला. मग ४.४९चाही नवा लॉट मागवून लावून बघितला, तर तो आधीच्या विजेत्याच्या तोडीस तोड! तेव्हापासून माझं मत पक्कं बदललं: लेबलवरच्या एका शतांश मिलिमीटरपेक्षा लॉट नंबर महत्त्वाचा. वरच्या पातळीचे नेमबाज स्वतःचं पिस्तूल कारखान्यात नेऊन, क्लॅम्पला लावून एकामागून एक लॉट तपासतात आणि पसंत पडलेल्या लॉटचा साठा करून ठेवतात, ते काही उगीच नाही. आपल्याला कारखाना परवडणारा नाही, पण एकेक डबा आणून तपासणं आणि आवडला तर त्याच लॉटचे आणखी डबे लगेच उचलणं, एवढं जमतं.

आता हा सगळा काटेकोरपणा खरंच किती कामाचा, याचा हिशेब मांडला. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं. छर्‍याची कड रेषेला शिवली तरी गुण मिळतो, म्हणजे शॉटचं केंद्र मध्यापासून ८ मिमीपर्यंत सरकलं तरी दहाच. क्लॅम्पमधून महागड्याचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत साधारण ७ मिमीचा येतो, स्वस्ताचा ९ मिमीचा. छिद्राचे ४.५ मिमी वजा केले तर उरतो तो फरक हाताच्या थरथरीत कुठल्या कुठे हरवून जातो. क्वालिफिकेशनमध्ये पिस्तुलाला गुण पूर्णांकातच मोजतात, तिथे मला या दोघांत काहीच फरक दिसला नाही. फायनलचे दशांश गुण ही निराळी गोष्ट, कारण तिथे ०.८ मिमीला एक दशांश जातो. पण फायनल गाठणार्‍याने हा लेख वाचून पेलेट ठरवायची गरज नाही.

वजन करून पेलेट वेगळे काढायचाही उद्योग केला. आता बंद केलाय. साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेला छर्रा १० मीटरमध्ये गुरुत्वाकर्षणाने जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर खाली येतो. वजनातल्या फरकाने वेगात एक टक्का फरक पडला तरी टार्गेटवर तो अर्ध्या मिलिमीटरच्याही आतच राहतो. त्यासाठी संध्याकाळ काट्यासमोर घालवण्यात अर्थ नाही.

आणि आता स्कर्ट. यावर मी वाट्टेल तेवढं बोलू शकतो. डोकं बॅरलच्या आट्यांवर (नळीच्या आतल्या सर्पिल कंगोर्‍यांवर) टेकून छर्‍याला सरळ ठेवतं, तर मागची पातळ झालर हवेच्या दाबाने फुलून बॅरल सील करते. ती झालर एका बाजूने चेपली की हवा निसटते, आणि बाहेर पडताना मागून मिळणारा धक्काही सगळीकडे सारखा राहत नाही. चेपलेले पेलेट मुद्दाम क्लॅम्पमधून मारून पाहिले. बहुतेक ग्रुपमध्येच बसले, पण मधूनच एखादा थेट नवाच्या वर्तुळात. असा फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर भरकटलेला शॉट, हाताने मारताना आला की नेमबाज स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो आणि जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करायला जातो. माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

तपासायची पद्धत सोपी आहे. काचेच्या तुकड्यावर पेलेट आडवा ठेवून हलकेच ढकला. चांगला असेल तो संथपणे गोलाकार वळत जातो. चेपलेला दर फेर्‍याला एकाच जागी अडखळतो, टुणकन उडतो. कडेला पडलेला खळगा भिंगाखाली नखाच्या टोकाएवढाही दिसत नाही, पण काच तो दाखवतेच. ब्रीचमध्ये (छर्रा भरायच्या, बॅरलच्या मागच्या तोंडात) ठेवताना अंगठा तिरका दाबला तरी तोच खळगा पडतो, तेव्हा सरळ दाबा. आणि डबा खिशात खुळखुळवत रेंजवर नेऊ नका. शिसं फार मऊ असतं. वर फोमची चकती टाकली की हालचाल थांबते.

सध्या सरावाला निवडलेला स्वस्त लॉट, मॅचला खाचांच्या ट्रेमध्ये येणारा महागडा. ट्रेचे पैसे जास्त पडतात, पण त्यातला एकही छर्रा मला आजवर चेपलेला सापडलेला नाही. साध्या डब्यात भरलेल्या महागड्या पेलेटला मी यापुढे पैसे देणार नाही. चेपलेल्या डब्यातले निवडून उरलेले सरावात संपवतोय, तक्रार अजून मागे घेतलेली नाही. निवडताना बोटं काळी होतात ती शिशाने, तेव्हा काही खाण्याआधी हात साबणाने धुवा आणि पेलेट ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा.