प्रदेशाच्या टेबलाशी बसावं की विषयाच्या?

इंटरनेटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत उतरू पाहणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या बिगरसरकारी संस्थांना एक प्रश्न हमखास पडतो. आशिया-प्रशांतच्या गटात नाव घालावं, की थेट एखाद्या विषयाच्या गटात? 'दोन्हीकडे घाला' असं सांगून मोकळं होता येतं. पण तीन माणसांच्या संस्थेत या बैठकांना बसणारं माणूस एकच असतं आणि महिनाअखेरीला जमाखर्चही तेच लिहितं. त्याचे आठवड्यातले दोन-तीन तास कुठे घालायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

दोन्ही तऱ्हांचे गट एकाच घरात वाढले. संयुक्त राष्ट्रांची जागतिक माहिती समाज शिखर परिषद, म्हणजे 'विसिस', दोन टप्प्यांत भरली: जिनिव्हा, डिसेंबर २००३ आणि ट्युनिस, नोव्हेंबर २००५. जिनिव्हाच्या आधी प्रादेशिक परिषदा झाल्या. बामाको, बुखारेस्ट, टोकियो, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं बावारो आणि बैरूत. सरकारांनी जगाची अशी वाटणी केल्यावर संस्थाही बऱ्याच अंशी त्याच रेघांवर बसल्या. दुसरीकडे मानवी हक्क, माध्यमं, इंटरनेटचा कारभार असे विषयांचे गट उभे राहिले. त्यांना तिथे 'कॉकस' म्हणतात. गंमत अशी की स्त्रियांच्या प्रश्नांवरचा जेंडर कॉकस जन्मला बामाकोला, आफ्रिकेच्या प्रादेशिक परिषदेत. तेव्हा या दोघांत सोवळंओवळं फारसं नव्हतं.

कामाची वाटणी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. खोली कुठली, वेळ किती, बोलायला कोण उठणार, हे संस्थांच्या ब्यूरोकडे होतं. मजकूर 'आशय आणि विषय' नावाच्या गटात शिजायचा. नोव्हेंबर २००३ मध्ये संस्थांनी सरकारी मसुद्यात सूचना घालणं थांबवलं आणि स्वतःचा जाहीरनामा लिहायला घेतला. तो ८ डिसेंबरला, परिषदेच्या दोनच दिवस आधी, एकमताने मंजूर झाला. अशा लिखाणात ज्याचा विषय पक्का, त्याचं वाक्य टिकतं.

प्रादेशिक गट सगळीकडे सारखा चालत नाही, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. लॅटिन अमेरिका घ्या. स्पॅनिश आणि पोर्तुगीज, दोन भाषांत काम भागतं, आणि त्याही एकमेकींना बऱ्यापैकी कळतात. संयुक्त राष्ट्रांचा प्रादेशिक आर्थिक आयोग सांतियागोत आहे. जून २००५ मध्ये रिओत तिथल्या सरकारांनी माहिती समाजाचा स्वतःचा प्रादेशिक आराखडा मान्य केला. म्हणजे संस्थांना कुणाकडे तगादा लावायचा ते ठरलेलं. शिखर परिषद संपली तरी तगादा चालू ठेवता येत होता. प्रदेशाचा गट असा असेल तर डोळे मिटून जावं.

आफ्रिकेचा धडा दुहेरी आहे. सेनेगलचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अब्दुलाये वाद यांनी गरीब देशांत इंटरनेट पोचवण्यासाठी डिजिटल एकता निधीची कल्पना मांडली, तेव्हा मागणी श्रीमंत देशांकडे होती. सरकार आणि संस्था एका बाजूला उभ्या राहू शकत होत्या. निधी मार्च २००५ मध्ये सुरू झाला, पुढे फार टिकला नाही, पण मागणीमागे एक खंड दिसला. तोच खंड ट्युनिशियाच्या प्रश्नावर फाटला. जून २००४ मध्ये ट्युनिशियातल्या हम्मामेतला दुसऱ्या टप्प्याची पहिली पूर्वतयारी बैठक भरली. यजमान देशातल्या मानवी हक्कांचा मुद्दा निघताच तिथल्या सरकारधार्जिण्या संस्थांनी सभागृहात गोंधळ घातला. नावाला बिगरसरकारी, पण खुर्चीत बसलेल्या सरकारचीच री ओढणाऱ्या. त्यांनाही प्रदेशाच्या गटात जागा मागण्याचा हक्क होताच, कारण पत्ता त्याच प्रदेशातला! ट्युनिसच्या परिषदेवेळी तर संस्थांना स्वतःची नागरिक परिषद भरवायला जागाही मिळू दिली नाही. तुमचं भांडण स्वतःच्या सरकारशी असेल, तर केवळ प्रदेशाच्या गटावर विसंबू नका, असं मी म्हणतो ते हम्मामेतमुळे.

आता आपला प्रदेश. आशिया-प्रशांत म्हणजे जपानपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. सामायिक भाषा नाही, म्हणून इंग्रजी. सामायिक अडचणही क्वचितच. समजा तीन मिनिटांचं निवेदन करायचं आहे. तीन मिनिटांत इंग्रजीचे चारेकशे शब्द होतात. जपानच्या प्रतिनिधीला खासगीपणाचा कायदा हवा, बेटांवरच्याला समुद्राखालची दुसरी केबल हवी, नेपाळच्या डोंगरातल्याला आधी वीज हवी. प्रत्येकाला एकेक वाक्य देता देता शेवटी उरतं ते 'प्रदेशाची समृद्ध विविधता'. त्यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि ते ऐकून कुठलंच सरकार पेन उचलत नाही.

हा अनुभव माझ्याही पदरी आहे. एका प्रादेशिक गटाच्या सामायिक मसुद्यात मी देवनागरीतल्या अर्ध्या 'र'बद्दल दोन ओळी घातल्या होत्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. मराठी माणसाला हे दोन वेगळे शब्द आहेत हे सांगावं लागत नाही. पण संगणकावर 'दऱ्या' दोन रीतींनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन. दुसरी, साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र अक्षरांची साखळी वेगळी. वेबपत्त्यात हे चालत नाही, कारण हुबेहूब दिसणारा दुसरा पत्ता घेऊन कुणीही फसवू शकतो. पत्त्यांच्या शेवटच्या तुकड्याच्या, म्हणजे 'डॉट भारत'सारख्या नावांच्या नियमांत तर ती अदृश्य खूण चालतच नाही. मग मराठीला 'ऱ' हवाच. सकाळी मसुदा उघडला तर माझ्या दोन ओळींच्या जागी तीन शब्द होते: 'स्थानिक भाषांच्या गरजा'. कापणाऱ्याचा राग आला नाही. जागाच नव्हती.

हाच मुद्दा आयकॅनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची आणि पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या, लिपीविषयक कामात, देवनागरी, बंगाली, तमिळसह नऊ लिपींचा विचार करणाऱ्या स्वयंसेवक मंडळासमोर मांडला, तर पहिल्या मिनिटाला सगळ्यांना कळतो. तिथे आपला सख्खा शेजारी हिंदीवाला नसून नेपाळी निघतो, कारण त्यांच्या 'गऱ्यो'त हाच अर्धा 'र' आहे. कोकणीवालाही जवळच बसलेला असतो. २०१४ मध्ये देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं ते मराठी, कोकणी, नेपाळीसह आठ भाषांसाठी. नकाशावरच्या प्रदेशापेक्षा लिपीचा हा प्रदेश मला कितीतरी खरा वाटतो.

विषयाच्या गटांची ताकद ट्युनिसच्या वाटेवरही दिसली. इंटरनेटच्या कारभारावर सरकारांचं जमेना, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी चाळीस जणांचा कार्यगट नेमला. अध्यक्ष होते आपले अर्थतज्ज्ञ नितीन देसाई. त्यात संस्थांच्या बाजूने कोण बसणार, याची नावं सुचवण्यात इंटरनेट कारभाराच्या कॉकसचा मोठा हात होता. त्या गटाने जुलै २००५ मध्ये खुल्या मंचाची शिफारस केली, ती ट्युनिसला मंजूर झालेल्या 'ट्युनिस अजेंडा' या दस्तऐवजात परिच्छेद ७२ म्हणून उतरली, आणि २००६ मध्ये अथेन्सला पहिला इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, म्हणजे आयजीएफ, भरला. २००८ ला तोच मंच हैदराबादेत होता. तारखा ३ ते ६ डिसेंबर, मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम आठवडा झालेला.

विषयाच्या गटाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे मुरलेली मंडळी असतात. दहा-पंधरा वर्षं एकमेकांशी त्याच मुद्द्यावर भांडणारी, आणि त्या भांडणाचे जुने संदर्भ तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालणारी. नवख्याला पहिले सहा महिने मुक्याने ऐकावं लागतं. इंग्रजी इथेही आहेच, उलट अधिक कायदेशीर. आणि तुमचा विषय नेमका काय हे तुम्हालाच ठरलेलं नसेल, तर इथे कुणी ते शोधून देणार नाही. 'आम्ही ग्रामीण भागात डिजिटल साक्षरतेचं काम करतो' हा विषय झाला नाही, ती ओळख झाली.

ओळख करून घ्यायला मात्र प्रदेशच बरा. आशिया-प्रशांतचा प्रादेशिक आयजीएफ २०१० मध्ये हाँगकाँगला सुरू झाला, २०१४ ला तो दिल्लीजवळ भरला होता. तिथे नवख्यांसाठी फेलोशिप असतात, बोलायला उठलं की कुणी डोळे वटारत नाही, आणि चहाच्या रांगेत भेटलेलं माणूस पुढे विषयाच्या गटात तुमची ओळख करून देतं. व्हिसाचा त्रासही जिनिव्हापेक्षा बहुधा कमी.

म्हणून माझा सल्ला असा. हातात एखादा मसुदा, एखादा नियम, एखादा परिच्छेद असेल आणि तो बदलून हवा असेल, तर प्रदेशाच्या गटात वेळ घालवू नका. तसं काही हातात नसेल तर एक वर्ष प्रदेशाला द्या, फेलोशिप मिळवा, माणसं जोडा, आणि परतताना आपला परिच्छेद कुठला ते ठरवून या. त्यानंतर प्रदेशाच्या बैठकीला दर वेळी हजेरी लावायची गरज नाही. त्यांचा मसुदा आला की आपली ओळ घालावी, कापली गेली तर पुन्हा घालावी.

आणखी एक. बैठकीची वेळ बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. त्यात साडेपाच तास मिळवा, पण एकदाच. माझी पहिली बैठक मी ते दोनदा मिळवून रात्री साडेनऊला उघडली, तेव्हा ती संपून साडेचार तास झाले होते.